सोमवारी न वाळलेले कपडे

"बाई, ह्यात मी कुठं हाय? हे तर तुमच्या दिराचं चरित्र हाय."

सौंदर्यानं कागद माझ्यापुढे सरकवले आणि चहाचा कप उचलला. तारीख होती ८ जानेवारी २०२४, सोमवार. तीन दिवस खपून मी तिच्यासाठी इंग्रजीत ते निवेदन लिहिलं होतं. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात ओतकामाचं शास्त्र शिकण्यासाठी शिष्यवृत्ती होती. आपल्या भागातून एकच उमेदवार घेणार होते. अर्जासोबत हजार शब्दांत स्वतःविषयी लिहून द्यायचं होतं: आपण कोण, हेच का शिकायचंय, काय केलं, काय चुकलं.

हजारांतले सातशे शब्द माझ्या दिरांवर, उदयसिंहांवर, खर्च झाले होते.

"त्यात खोटं काय आहे?" मी विचारलं.

"खोटं कायबी न्हाय. पण शिष्यवृत्ती त्यांना द्यायची हाय व्हय?"

पोरगी बरोबर बोलत होती आणि मला ते आवडलं नव्हतं. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला आपला राग दुसऱ्याच्या नावावर खपवताना पकडलं गेलं की चहा गारच होतो.

हा राग कुठून आला, ते आधी सांगते.

१९७४ साली माझे पती हंबीरराव आणि त्यांचे धाकटे बंधू उदयसिंह यांनी शिरोली एमआयडीसीत ओतकामाची फौंड्री काढली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे आला. एकोणतीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला गेलेलं प्रत्येक पत्र माझ्या हातचं होतं. माल परत आला तर समजूत मी घालायची, मुदत मी मागायची. २००३ साली हंबीरराव गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी उदयसिंहांनी ऑफिसातलं माझं टेबल दुसऱ्याला दिलं. २०१४ साली फौंड्रीला चाळीस वर्षं झाली. स्मरणिका निघाली. तिच्यात हंबीररावांचा फोटो पासपोर्टएवढा आणि माझं नाव कुठेच नाही. समारंभात उदयसिंहांनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "ह्या आमच्या वहिनी. पूर्वी टायपिंग करायच्या."

पाहुणे हसून नमस्कार करते झाले. मीही केला. घरी येऊन डायरीत ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं.

डायरी मी अकराव्या वर्षापासून लिहिते. बोर्डिंगमध्ये धुण्याची वही माझ्याकडे होती. त्या दिवशीचे कपडे दोरीवर वाळले तर तारखेपुढे रिकामं वर्तुळ काढायचं, नाही वाळले तर भरलेलं. सिस्टर म्हणायच्या, आधी तारीख, मग हवा, मग घडलं ते, आणि स्वतःचं मत उरलेल्या जागेत. बोर्डिंग सुटलं, लग्न झालं, वैधव्य आलं, तरी रोजच्या तारखेपुढचं ते वर्तुळ मी आजवर चुकवलेलं नाही. का काढते, असं मला कुणी विचारलंही नाही.

आता सौंदर्या.

तिची आई गंगव्वा आमच्या फौंड्रीत १९९६ पासून कोअर शॉपमध्ये होती. लोखंडाच्या ओतीव वस्तूच्या, म्हणजे कास्टिंगच्या, पोटात पोकळी हवी असेल तर वाळूचा गाभा करून साच्यात ठेवतात. त्यालाच कोअर म्हणतात. वाळू पेटीत ठासायची, गाभा अलगद काढायचा, भट्टीत भाजायचा. हे काम आमच्याकडे बायकाच करतात. गंगव्वाचा कोअर हंबीरराव तळहातावर घेऊन म्हणायचे, "ह्याला देव्हाऱ्यात ठेवलं तरी चालेल."

मंगळवार, १४ सप्टेंबर २०२१. दुपारी अडीचला गंगव्वा रुईकर कॉलनीत माझ्या दारात उभी. हातात जेवणाचा डबा, न उघडलेला.

"वहिनीसाहेब, मला काढलं."

"का?"

"कास्टिंगला भोकं पडायला लागल्यात. म्हंत्यात, तुझ्या कोअरमुळं. म्हातारी झालीस, हात गेला तुझा." तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "बगा की. कुठं गेलाय?"

मी उदयसिंहांना फोन लावला.

"वहिनी, फौंड्रीतलं तुम्हाला काय कळतंय?" ते म्हणाले. "दर मंगळवारी हमखास घाण माल निघतोय. सोमवारी सुट्टी खाऊन येत्यात, हाताचं वळण जातंय त्यांच्या. तुम्ही आपलं देवाचं बघा."

मी देवाचं बघितलं नाही. गंगव्वाला विचारलं, तुझ्यासाठी काय करू?

ती डोळे पुसून म्हणाली, "माझं ऱ्हाऊ दे. पोरगी इंजिनिअरिंगला हाय. इंग्रजीनं मार खाती. तिला शिकवा."

अशी सौंदर्या माझ्याकडे येऊ लागली. उंच, हडकुळी, दोन वेण्या घालून त्या वर बांधणारी. आमच्याकडच्या मुलींसारखी "मी येतो, मी जातो" असं बोलणारी, आईला "अव्वा" म्हणणारी. पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, ग्रामर नंतर शिकवा. आधी भांडायचं कसं ते शिकवा." मी तिला तक्रारीचं पत्र लिहायला शिकवलं. ते मला उत्तम येतं.

तिसरं वर्ष संपल्यावर कॉलेजनं तिला कुठल्यातरी कारखान्यात प्रशिक्षणाला जायला सांगितलं. तिनं आमचीच फौंड्री निवडली.

"ओळखतील तुला," मी म्हणाले.

"कोअर शॉपातल्या बाईच्या पोरीचं नाव कुणाला ठावं असतंय?"

खरंच कुणाला माहीत नव्हतं. जुलै २०२२ मध्ये ती आत गेली. वाळूच्या प्रयोगशाळेत टेबल मिळालं. काचेतून आईची जुनी जागा दिसायची. दर सोमवारी फौंड्रीला सुट्टी, त्या दिवशी ती माझ्याकडे शिकायला यायची आणि आठवड्याचं सगळं सांगायची. मी डायरीत उतरवून घ्यायचे.

भोकं अजून पडतच होती, आणि पावसाळ्यात मंगळवारीच जास्त. गंगव्वाला काढून वर्ष होत आलं तरी पडत होती, हे उदयसिंहांच्या डोक्यात येत नव्हतं. आलं असलं तरी त्यांनी ते बाहेर काढलं नाही.

सौंदर्यानं पहिले दोन मंगळवार मोल्डिंगच्या जागी उभं राहून बघितलं. साचा भरायला ज्ञानू होता, पन्नाशीचा, गप्प, हातावर भाजल्याच्या जखमेचा वण असलेला माणूस. मंगळवारी त्याचा हात तिला जड वाटला. तिनं वहीत लिहिलं, "मोल्डरची चूक असावी," आणि सुपरवायझरला तसं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ज्ञानूला साच्यावरून काढून गरम कास्टिंगची वाळू झाडायला लावलं. तिथं धूर आणि धूळ इतकी असते की दोन तासांत माणसाचा चेहरा ओळखू येत नाही.

पुढच्या सोमवारी, १८ जुलैला, ती आली ती चपला न काढता व्हरांड्यातच उभी राहिली. माझे कपडे तिथंच दोरीवर टांगलेले होते. पाऊस लागून राहिला होता.

"बाई, काल धुतलेलं अजून वाळलं न्हाय?"

"परवाचंसुद्धा नाही. पंख्याखाली धरावं लागेल."

ती ओल्या साडीचा पदर चिमटीत धरून उभी राहिली. किती वेळ, ते मी घड्याळात बघितलं नाही, पण उकळलेला चहा खाली उतरवावा लागला. मग म्हणाली, "आज फौंड्रीत भट्टी बंद. कोअरचं ओव्हन बंद. शेड गार. अन् रविवारी करून ठेवलेलं कोअर तसंच मांडून ठेवलंय, मंगळवारी सकाळी वापरायला."

"मग?"

"मग त्येबी ह्या साडीसारखंच की ओ."

वाळूचा कोअर दिवसभर दमट हवेत बसला की ओल धरतो. त्यावर वितळलेलं लोखंड ओतलं की ओलीची वाफ होते आणि वाफ बाहेर पडायला धातूतून वाट काढते. तीच ती भोकं. रोज भट्ट्या चालू असतात तेव्हा शेडच तापलेली असते, म्हणून इतर दिवशी काही होत नाही.

"पण प्रत्येक मंगळवारी न्हाय होत," ती नखं खात म्हणाली. "काही मंगळवार चांगलं जात्यात. त्येच तर कोडं हाय. कुठल्या सोमवारी हवा कशी हुती, ते आता कोण सांगणार?"

मी उठले. कपाटातून २०२१ ची आणि यंदाची अशा दोन्ही डायऱ्या काढल्या आणि तारखांपुढची वर्तुळं तिला दाखवली.

त्या दिवशी इंग्रजीचा धडा झाला नाही. तिनं प्रयोगशाळेतून उतरवून आणलेले दोन पावसाळ्यांचे मंगळवारचे आकडे आणि माझी सोमवारची वर्तुळं आम्ही शेजारी शेजारी मांडली. जिथं वर्तुळ भरलेलं, तिथं दुसऱ्या दिवशी भोकं. जिथं रिकामं, तिथं माल चांगला. एकोणतीस मंगळवारांपैकी सत्तावीस जुळले. १३ सप्टेंबर २०२१, सोमवार, भरलेलं वर्तुळ. त्याच्या दुसऱ्या दिवशी गंगव्वाला काढलं होतं.

सौंदर्यानं त्या वर्तुळावर बोट ठेवलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "म्हंजे अव्वाला तुमच्या धुण्यानं वाचवलं असतं." मग बोट उचलून, "अन् ज्ञानूकाकाला मी घालवलं."

दुसऱ्या दिवशी तिनं सुपरवायझरपुढे स्वतःची चूक कबूल केली आणि मग वाळू झाडायच्या जागी जाऊन ज्ञानूची माफी मागितली. तो फडक्यानं तोंड पुसत म्हणाला, "गंगव्वाची पोरगी न्हवं तू? पयल्या दिवशीच वळकलंतं मी. नाक तिचंच हाय. तुझ्या आईला काढलं तवा सायबानं मला विचारलं, अन् मीबी हेच बोललोतो. गंगव्वाचा हात गेलाय म्हणून. फिट्टंफाट झाली, पोरी. जा आता, धूळ खाऊ नगंस."

हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

उपाय अगदी साधा होता. मंगळवारी सकाळी कोअर वापरण्याआधी तासभर पुन्हा ओव्हनमधून काढायचे. तिनं सगळं नीट लिहून, तक्ता जोडून, ऑक्टोबरमध्ये उदयसिंहांच्या टेबलावर ठेवलं. तक्त्यात माझी वर्तुळं तशीच होती. उदयसिंह "बघतो" म्हणाले. त्या महिन्यात ज्ञानू साच्यावर परत आला. मंगळवारी ओव्हन पेटायला लागलं. सौंदर्याला कुणी काही सांगितलं नाही, आणि गंगव्वाला कुणी बोलावलं नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये कारखानदारांच्या एका स्पर्धेत "दमट हवा आणि कास्टिंगमधील दोष" या अभ्यासाला पहिलं बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला. ढाल घेऊन उभा होता विश्वजित, उदयसिंहांचा नातू, नुकताच इंजिनिअर झालेला.

सौंदर्या तो पेपर घेऊन आली. घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बाई, इंग्रजी शिकवा. आता नीट शिकवा."

मी कात्रण डायरीत चिकटवलं. त्या दिवशी मताच्या जागेत एकच ओळ लिहिली: "वाट बघेन."

म्हणूनच जानेवारीत तिच्या निवेदनात मी उदयसिंहांना सोलून काढलं होतं. तिनं ते बाजूला ठेवलं आणि स्वतः लिहायला बसली. चार सोमवारांचं काम तिनं चार दिवसांत केलं. मी फक्त शब्द पुरवत होते.

सुरुवात तिनं ज्ञानूपासून केली. "मी एका निर्दोष माणसाला दोषी ठरवलं, आणि माझ्या आईला दोषी ठरवणाऱ्यांइतकीच मला खात्री वाटत होती."

"हे पहिल्याच ओळीत?" मी घाबरले. "ते एवढंच धरून बसतील, आणि नाव खोडतील."

"त्यांनी इचारलंय न्हवं, काय चुकलं? मग हेच चुकलं."

"विश्वजितचं काय? चोरी केली त्यानं. ते तरी लिही."

"बाई," ती पेन खाली ठेवून म्हणाली, "चोराला घरात काय काय ठेवलंय ते ठावं नसतंय. मी फकस्त घर दाखवतो."

निवेदनात उदयसिंहांचं नाव नव्हतं, विश्वजितचं नव्हतं. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात मात्र एक वाक्य होतं: "पावसाच्या नोंदी मी माझ्या शिक्षिकेच्या धुण्याच्या दोरीवरून घेतल्या, त्या पासष्ट वर्षं रोज ठेवत आल्या आहेत." खाली माझं पूर्ण नाव. मी ते तीनदा वाचलं. स्पेलिंग बरोबर होतं.

अर्ज तिनं बारा तारखेला भरला. पाच दिवसांनी, १७ जानेवारीला, उदयसिंहांचा फोन आला.

"वहिनी, एक काम होतं. विश्वजित परदेशी शिष्यवृत्तीला अर्ज करतोय. त्याचं ते स्वतःबद्दलचं लिखाण जरा बघा. तुमचं ते ग्रामर."

दहा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. "पाठवा की," मी म्हणाले.

विश्वजित संध्याकाळी गाडी घेऊन आला. पोरगा दिसायला हंबीररावांवर गेलाय, हेच मला सगळ्यात सलतं. कागद देऊन तो सोफ्यावर मोबाईल बघत बसला. मी चष्मा लावला.

शिष्यवृत्ती तीच. गोष्टही तीच. "२०२२ च्या ऐन पावसात आठ आठवडे मी रोज मोल्डिंगच्या जागी उभा राहिलो." शेवटी तक्ता. तक्त्यात तारखा, आकडे, आणि शेजारी वर्तुळं. काही रिकामी, काही भरलेली.

माझी वर्तुळं.

मी आत गेले आणि २०२२ ची डायरी उघडली. "११ जुलै, सोमवार. भरलेलं वर्तुळ. विश्वजितच्या पायावर पुण्यात शस्त्रक्रिया. मोटरसायकलवरून पडला. दोन महिने प्लास्टर." सप्टेंबरपर्यंत तो पुण्यात मामाकडे पलंगावर होता. मी स्वतः शेंगदाण्याचे लाडू घेऊन भेटून आले होते. त्याचीही नोंद होती.

डायरी मिटून मी बाहेर आले.

"विश्वजित, हे सगळं तू स्वतः पाहिलंस?"

"म्हणजे काय, मोठी आज्जी."

"आणि ही वर्तुळं कसली रे?"

त्यानं मोबाईलवरून मान वर केली. हसला. अगदी गोड हसला. "मोठी आज्जी, ते टेक्निकल हाय. तुम्हाला न्हाय कळायचं. तुम्ही फक्त इंग्लिश बघा."

दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तो खरं बोलू शकला असता. त्याहून जास्त संधी गंगव्वाला कुणी दिली नव्हती.

मी लाल पेन घेतलं आणि फक्त इंग्लिश बघितलं. सतरा चुका होत्या. एकही सोडली नाही. क्रियापदं सरळ केली, स्वल्पविराम जागच्या जागी बसवले, "आठ आठवडे रोज" हे वाक्य तर इतकं नेटकं केलं की वाचणाऱ्याच्या लक्षात राहावं. सिस्टरांनी मला शिकवलं होतं, दुसऱ्याच्या मजकुराला हात लावू नये, फक्त व्याकरण बघावं. मी आज्ञाधारक विद्यार्थिनी आहे. खोटं जितक्या स्वच्छ भाषेत लिहावं तितकं ते लांबून दिसतं.

जाताना तो वाकून पाया पडला. मी "यशस्वी हो" म्हणाले नाही. "नीट जा" म्हणाले.

सौंदर्याला यातलं काही सांगितलं नाही. तिचा सूड ती तिच्या पद्धतीनं घेत होती. हा माझा होता.

एप्रिलच्या अठरा तारखेला तिची मुलाखत झाली, माझ्याच टेबलावर, लॅपटॉपवर. मी व्हरांड्यात कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. खिडकी उघडी होती. पलीकडे तीन परीक्षक होते. त्यांतली एक पांढऱ्या केसांची बाई सौम्य आवाजात विचारत होती. पहिले दोन मंगळवार साच्यावर कोण होतं? सौंदर्यानं ज्ञानूचं नाव सांगितलं, त्याच्या हाताची जखम सांगितली, तो "फिट्टंफाट" म्हणाला ते इंग्रजीत कसं सांगावं या विचारात क्षणभर अडखळली, आणि मग सांगितलं, तो म्हणाला, "आता दोघंही सारखे दोषी." तिचे उच्चार शिरोलीचेच होते. व्याकरण माझं होतं.

मग त्या बाईनं विचारलं, "तुमच्या तक्त्यातली ही वर्तुळं कशाची आहेत?" तिनं पुढे सांगितलं, की दुसऱ्या एका अर्जातही अशीच वर्तुळं आहेत, म्हणून विचारते.

माझ्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली.

सौंदर्या उठली, कपाटातून २०२२ ची डायरी काढली आणि कॅमेऱ्यापुढे धरली. "माझ्या बाईंचं धुणं," ती म्हणाली. "रिकामं म्हणजे वाळलं. भरलेलं म्हणजे वाळलं नाही." पान उलटून तिनं जुलै दाखवला. मग ती बाई हसली, आणि तिनं त्या पानांचे फोटो पाठवायला सांगितले.

सौंदर्या बाहेर आली तेव्हा तिचे डोळे बारीक झाले होते. "दुसरा अर्ज कुणाचा ते तुमाला ठावं हुतं."

"हो."

"कवापासनं?"

"जानेवारीपासून. व्याकरण मीच तपासलं."

"बाई, तुम्ही लई वंगाळ हाईसा."

"हो," मी म्हणाले. "ती दुसरी खोळ दे इकडे."

२० मे, सोमवार. रिकामं वर्तुळ. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ईमेल आला. सौंदर्यानं तो दोनदा वाचला आणि आईला फोन लावला.

"अव्वा, झालं."

"काय झालं? धड बोल की!" गंगव्वाचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू आला.

"मी निघालो विलायतेला."

मग गंगव्वा म्हणाली, "बाईंना साखर दिलीस का आधी?"

तीन दिवसांनी उदयसिंह आले. काठी टेकत, एकटे. पाणी दिलं ते प्याले नाहीत.

"वहिनी, पोराला त्यांनी वर्तुळं विचारली. ते म्हणालं, वाळूतल्या ओलीचं मीटर. मग म्हणाले, मीटरचं नाव सांग. गप्प बसलं. मग म्हणाले, साच्यावर माणूस कोण होता? ते बी सांगता आलं न्हाय. दहा मिनिटांत आटोपलं." ते माझ्याकडे बघत होते. "तुम्ही वाचलं होतं की ते. तुम्हाला माहीत होतं."

"मी ग्रामर बघितलं, उदयभावजी. तुम्ही तेवढंच सांगितलं होतं."

"घरातलं पोर हाय ते! आपलं रक्त!"

"गंगव्वाला काढलं तेव्हा ती पंचवीस वर्षं आपल्या घरचं मीठ खात होती. माझं टेबल काढलं तेव्हा मी तुमच्या भावाची बायको होते. तेव्हा रक्त कुठं होतं?"

मला त्यांचं वाईट वाटेल म्हणून मी वाट बघितली. वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीही बघितली. नाही वाटलं.

"गंगव्वाला परत बोलावतो," ते शेवटी म्हणाले.

"तिलाच सांगा."

त्यांनी फोन लावला. मी स्पीकरवर ठेवायला सांगितला. गंगव्वानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "न्हाय येत, मालक. माझा हात गेलाय न्हवं. तुमचं कोअर तुमीच भाजा."

उठताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जणू त्यासाठीच आले होते. फौंड्रीला यंदा पन्नास वर्षं होतात. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघणार आहे. फौंड्रीशी संबंध आलेल्या एखाद्या साध्या माणसावर दोन पानं मी लिहावीत. "तुमचं नाव घालू," ते म्हणाले, "ठळक."

"लिहिते की," मी म्हणाले.

लिहिलं आहे. वर आहे ते. माझी डायरी इंग्रजीत असते, पण हे मुद्दाम मराठीत लिहिलंय, कारण ज्यांनी वाचावं असं मला वाटतं त्यांना मराठी चांगलं येतं. तारखा, वार, वर्तुळं सगळी तपासून बघावीत. मूळ वह्या माझ्या कपाटात आहेत. व्याकरणाला हात लावायची गरज नाही. मजकुराला लावायचा असेल तर उदयभावजींनी स्वतः येऊन, माझ्यासमोर, लाल पेनानं लावावा.

सौंदर्या सप्टेंबरात गेली. जाताना एक कोरी डायरी मागून नेली. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला, की तिथं कपडे घरातच यंत्रात वाळवतात, दोरीच नाही.

"मग वर्तुळ कसलं काढतेस?" मी विचारलं.

"अजून काढलं न्हाय," ती म्हणाली. "आधी दोरी बांधतो."